झोपेची तयारी सकाळपासून

(एका वैद्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या वैद्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांचे कितीतरी रुग्ण आज समोर बसले आहेत. त्यांच्याकडून मी एक गोष्ट अनेकदा ऐकली आहे. झोप लागत नाही म्हणून कोणी दवाखान्यात गेले, की वैद्यबुवा पुडी बांधायच्या आधी त्याच्या दिवसाची चौकशी करत. उठता किती वाजता? उन्हात जाणे होते का? दुपारी आडवे होता का? शेवटचा चहा कधी? रात्रीचे जेवण किती वाजता? अंथरुणाला पाठ टेकल्यावर मनात काय येते? तक्रार रात्रीची आणि प्रश्न दिवसाचे, याचे रुग्णाला नवल वाटे.

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर. माझे शिक्षण वेगळ्या वाटेने झाले. पण गेल्या काही दशकांत निद्राशास्त्राने जे शोधून काढले, ते वाचताना मला या प्रश्नांचे मोल कळत गेले. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला, ‘झोप लवकर न लागणे आणि त्यावरचे नैसर्गिक उपाय’. या विषयावर मला सांगायचे आहे ते एवढेच: झोपेवरचे सर्वांत खात्रीचे नैसर्गिक उपाय दुकानात मिळत नाहीत. सकाळचा उजेड, रात्रीचा अंधार, दिवसभराची हालचाल, उठण्याची ठरलेली वेळ, अंगाची ऊब आणि मनाचा निवांतपणा हे ते उपाय. पोटात घ्यायची मुळी, चूर्ण आणि काढे यांची पायरी त्यांच्या खालची आहे.

एक मर्यादा आधी घालून घेतो. अंथरुणावर पडल्यावर दहा-वीस मिनिटांत झोप लागणे हे निरोगी माणसाचे सर्वसाधारण प्रमाण. परीक्षा, लग्नकार्य, आजारपण, दुःख यांत चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तर त्याला रोग म्हणत नाहीत. आठवड्यातून निदान तीन रात्री असे होत असेल, तीन महिने चालले असेल आणि त्याचा त्रास दिवसा जाणवत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मी आज जे सांगणार आहे ते दोघांनाही उपयोगी आहे. पण दुसऱ्या गटातल्यांनी डॉक्टरांना भेटायलाच हवे.

झोप येते कशी

अलेक्झांडर बोरबेली या स्विस संशोधकाने १९८२ साली एक मांडणी केली, ती आजही निद्राशास्त्राचा पाया आहे. झोप दोन गोष्टींच्या जुळणीतून येते. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे झाल्यापासून मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. जितका वेळ जागे, तितकी ही ओढ जास्त. झोपेत ते ओसरते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. या वेळेला जागे राहायचे आणि या वेळेला झोपायचे हे ते ठरवते. ओढ पुरेशी वाढलेली असावी आणि त्याच सुमाराला घड्याळाने रात्र झाल्याचे सांगावे, की माणसाला विनासायास झोप लागते. दोन्हींचा मेळ बसला नाही, की माणूस कूस बदलत पडतो.

चहा-कॉफीतले कॅफीन नेमके ॲडेनोसीनच्या आड येते. मेंदूतल्या ज्या जागी ॲडेनोसीनने बसायचे, तिथे कॅफीन आधी जाऊन बसते. ओढ असते, पण जाणवत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन रात्री अकराला अंगात असते. ‘मी कितीही चहा घेतला तरी मला झोप येते’ असे सांगणारी माणसे मला भेटतात. काहींच्या बाबतीत ते खरे असते, कारण कॅफीन पचवण्याची शक्ती माणसागणिक वेगळी असते. पण झोप लागत नसल्याची तक्रार ज्याची आहे, त्याने दुपारी दोननंतरचा चहा दोन आठवडे सोडून पाहावा. खर्च काही नाही आणि फरक पडला तर तो आपोआप कळतो.

वामकुक्षीचेही तसेच. जेवणानंतर वीस मिनिटे पडणे वेगळे आणि दोन ते चार गाढ झोपणे वेगळे. दुपारी दोन तास झोपलेल्या माणसाची रात्रीची ओढ तेवढी कमी झालेली असते. चरकसंहितेने दिवसाच्या झोपेला उन्हाळ्यात मोकळीक दिली आहे, म्हातारे, लहान मुले, आजारी आणि वाटचालीने थकलेले यांना सूट दिली आहे, आणि इतरांना ती वर्ज्य सांगितली आहे. निवृत्तीनंतर झोप बिघडली असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी आपली दुपार आधी तपासावी.

आता घड्याळाविषयी. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. असे आतले घड्याळ आपल्याही पेशीपेशीत असते. ते चालवणारी जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, या सगळ्या घड्याळांचे मुख्य घड्याळ असते. माणसात त्याचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे ते रोज थोडे मागे पडू पाहते आणि रोज जुळवून घ्यावे लागते. मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली घड्याळाशिवाय दोन महिने एका गुहेत राहिला. तो बाहेर आला तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर, आणि त्याच्या हिशेबाने ऑगस्टची २० तारीख चालू होती. सूर्यापासून तुटलेल्या माणसाचे काळाचे भान असे सुटते. आपल्यातले किती जण सकाळी ट्यूबलाइटखाली उठतात, बंद गाडीतून कार्यालयात जातात आणि अंधार पडल्यावर घरी येतात, याचा विचार करा.

उजेड आणि अंधार

घड्याळ जुळवण्याचे काम सूर्यप्रकाश करतो. आपल्या डोळ्यांत दृष्टीच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी आहेत. त्यांचे काम चित्र दाखवण्याचे नाही. उजेड किती आहे, एवढेच त्या मेंदूला कळवतात. निळसर प्रकाशाला त्या जास्त प्रतिसाद देतात. संध्याकाळी हा प्रकाश कमी झाला, की मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते आणि रात्र झाल्याचा निरोप अंगभर जातो.

घरातल्या दिव्यांचा उजेड लक्स या मापाने साधारण शंभर ते तीनशे असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर तो काही हजार लक्स असतो, आणि रणरणत्या उन्हात एक लाखाच्या घरात जातो. डोळ्यांना खोली लख्ख वाटली, तरी घड्याळाच्या लेखी ती अंधारीच असते. म्हणून माझा पहिला उपाय हा: उठल्यापासून तासाभराच्या आत अर्धा तास मोकळ्यावर घालवा. चाला, अंगण झाडा, झाडांना पाणी घाला, गच्चीत वर्तमानपत्र वाचा. पावसाळ्यातही गॅलरीत उभे राहा. सूर्याकडे टक लावून पाहायचे नाही, नुसते उघड्यावर असायचे. सकाळच्या उजेडाने रात्रीची झोप अलीकडे सरकते.

याच्या जोडीला उठण्याची वेळ ठरलेली हवी, आणि रविवारीही तीच. झोप केव्हा लागावी हे आपल्या हातात नाही. उठावे केव्हा हे आहे. रात्री उशिरा झोप लागली म्हणून सकाळी दोन तास जास्त पडून राहिलात, तर पुढच्या रात्रीची ओढ कमी होते, आणि तेच चक्र पुढे चालू राहते.

रात्रीचा उपाय याच्या उलट. जेवणानंतर घरातले मोठे दिवे मालवून पिवळसर, मंद दिवा ठेवा. मोबाइलविषयी सगळेच बोलतात, मी थोडक्यात सांगतो. त्याच्या पडद्याच्या प्रकाशाहून मोठा धोका त्यावरच्या मजकुराचा आहे. नात्यागोत्यातल्या ग्रुपवरचा वाद, उद्याच्या कामाचा निरोप, एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, यांतले काहीही मनाला निवू देत नाही. निजायच्या खोलीत चार्जर ठेवू नका, एवढ्या एका नियमाने पुष्कळ साधते.

तळपायाची ऊब

आता आजीच्या उपायांकडे येतो. महाराष्ट्रात अजूनही बऱ्याच घरांत काशाची वाटी असते. जेवणे आटोपली, भांडी झाली, की आजी पाय लांब करून बसते, नातवंडाचा पाय मांडीवर घेते, तळव्याला बोटभर साजूक तूप किंवा खोबरेल लावते आणि वाटीचे बूड टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गोल गोल फिरवत राहते. थोड्या वेळाने तूप काळपट होते. ‘बघ, किती उष्णता निघाली’, असे म्हणत ती ओल्या फडक्याने पाय पुसते, तोवर पोर पेंगुळलेले असते.

तुपाला काळेपणा येतो तो घासण्याने काशातल्या धातूचा अंश उतरल्यामुळे. शरीरातली उष्णता अशी काळ्या रंगाने बाहेर पडत नाही. पण उष्णता निघते, हे आजीचे म्हणणे दुसऱ्या अर्थाने बरोबर आहे. झोप लागण्यासाठी शरीराच्या गाभ्याचे तापमान उतरावे लागते. रात्रभरात ते साधारण एका अंशाने खाली येते. ही उष्णता बाहेर टाकण्याची मुख्य दारे म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, पाय ऊबदार झाले, की गाभा थंड होऊ लागतो. बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले, की हातपाय जितके ऊबदार, तितकी झोप लवकर लागते. तळपाय चोळल्याने तिथला रक्तप्रवाह वाढतो. त्यात मायेचा स्पर्श असतो आणि रोजची ठरलेली वेळ असते. तिन्ही गोष्टी झोपेच्या बाजूच्या आहेत.

गरम पाण्याच्या अंघोळीचेही कारण हेच. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. निजण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्याने दहा मिनिटे अंघोळ केली तरी झोप लवकर लागते, असे त्यांत दिसले. अंघोळ करून लगेच अंथरुणात शिरू नये, मधे तासभर जाऊ द्यावा, कारण गाभा थंड व्हायला तेवढा वेळ लागतो. अंघोळ शक्य नसेल त्यांनी बादलीत गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र पाणी आधी दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. त्यांना चटका कळत नाही आणि जखम चिघळते.

पोटात घ्यायचे उपाय

हा भाग तुम्हाला सर्वांत जास्त हवा असणार. आधी चरकाकडे जाऊ. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप गेलेल्यासाठी उपायांची यादी येते. त्यात भात, दही, दूध, तूप, मांसरस आहेत, मद्यही आहे. आणि त्यांच्याच ओळीत अंगाला तेल लावणे, उटणे, स्नान, अंग चेपून घेणे, डोक्याला लेप, मनाला आवडणारे वास आणि आवाज, मनाचे सुख, नीट घातलेले अंथरूण, सुखाचे घर आणि योग्य वेळ यांचीही नावे आहेत. इतक्या जुन्या ग्रंथाने गिळायच्या पदार्थांना बाकीच्या उपायांपेक्षा वरचे स्थान दिलेले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. मद्याबाबत मात्र आजचे ज्ञान वेगळे सांगते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते आणि घोरणे वाढते. झोपेसाठी दारू घेऊ नये.

जायफळाचे आपल्याकडे विशेष प्रेम. बाळगुटीत सहाणेवर त्याचे मोजके वेढे उगाळतात, पुरणात, श्रीखंडात, कोजागिरीच्या दुधात ते लागतेच. कोकणच्या मातीत ते चांगले रुजले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा त्याच्या जाती दिल्या. चिमूटभर जायफळ कोमट दुधात घेणे निरुपद्रवी आहे आणि पुष्कळांना त्याने बरे वाटते. पण ‘थोड्याने गुण आला नाही म्हणून जास्त’ हा हिशेब इथे जिवावर बेततो. एका जायफळाचे वजन पाच-सहा ग्रॅम भरते, आणि तेवढी पूड एकदम पोटात गेली तर उलट्या, छातीत धडधड, तोंडाला कोरड, भ्रम अशी विषबाधा होऊ शकते. तान्ह्या बाळाला तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. आणि जायफळ घातलेली कॉफी रात्री घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की चिमूटभर जायफळ पेलाभर कॉफीतल्या कॅफीनवर मात करू शकत नाही.

दुधाविषयी असे सांगतात, की त्यात ट्रिप्टोफॅन असते आणि त्यापासून झोपेची द्रव्ये तयार होतात. ते असते हे खरे. पण पेलाभर दुधात ते साधारण १०० मिलिग्रॅम असते, आणि झोपेवरच्या प्रयोगांत ग्रॅमच्या मापाने द्यावे लागले. दुधाचा गुण बहुधा दुसरीकडे आहे: पोटातली हलकी भूक शमते, कोमट पेय बरे वाटते आणि रोज तेच केल्याने शरीराला वेळेची सवय लागते. चरकाने निद्रानाशासाठी म्हशीचे दूध नावाजले आहे. ज्यांना पचते त्यांनी जरूर घ्यावे. खसखशीची खीरही अशीच. तिच्या दाण्यांत अफूची गुंगी आणणारी द्रव्ये नाममात्र असतात; खीर पौष्टिक आहे म्हणून खा.

अश्वगंधेवर अलीकडे बरेच छोटे अभ्यास झाले आणि काहींत झोप थोडी सुधारल्याचे दिसले. पण ती यकृताला बाधल्याच्या नोंदीही आहेत, थायरॉइडच्या औषधांशी तिचा मेळ बसत नाही आणि गरोदरपणात ती वर्ज्य आहे. वैद्यांना विचारून घ्यावी. जाहिरात पाहून डबे मागवू नयेत. जटामांसी झोपेसाठी जुन्या काळापासून वापरतात. पण हिमालयातली ही वनस्पती ओरबाडली जाऊन आज अतिसंकटग्रस्त यादीत गेली आहे. तिच्यावाचून भागत असेल तर तिला डोंगरातच राहू द्यावे.

सर्पगंधेची हकीकत मी मुद्दाम सांगतो, कारण ती मुंबईशी जोडलेली आहे. झोप आणि उन्माद यांवर हे मूळ आपल्याकडे शतकानुशतके वापरात होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण मांडला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. पुढे १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. १९५७ चे लास्कर पारितोषिक डॉ. वकिलांना मिळाले. पण रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आले, आणि पुढे त्याची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली. म्हणजे मुळी खरोखर गुणकारी होती, म्हणूनच अपायकारकही होती. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असे डब्यावर लिहिलेले दिसले, तर ही हकीकत आठवा. ज्याचा शरीरावर परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.

मन आणि अंथरूण

झोप न लागण्याचे मूळ पुष्कळदा एका भीतीत असते. आजही झोप आली नाही तर उद्याचे कसे होणार, ही ती भीती. माणूस लवकर अंथरुणात शिरतो, डोळे घट्ट मिटतो, घड्याळ पाहतो, किती तास उरले ते मोजतो. काही आठवड्यांत अंथरूण दिसले की मन सावध होऊ लागते. अशा माणसाला बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर डुलकी येते, आणि गादीवर गेला की टक्क जाग येते.

रिचर्ड बूट्झिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर काही साधे नियम सांगितले. पेंग आल्याशिवाय अंथरुणात जायचे नाही. अंथरूण झोपेसाठी; जेवण, लॅपटॉप, भांडण तिथे नको. वीसेक मिनिटे झोप लागली नाही, तर उठायचे, दुसरीकडे मंद उजेडात बसायचे, काहीतरी संथ करायचे आणि पेंग आली की परत यायचे. हे रात्रीतून कितीही वेळा करावे लागले तरी करायचे. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचे.

हे नियम वाचताना मला आपल्याकडची रात्री अंथरूण घालायची आणि सकाळी घडी करून ठेवायची रीत आठवते. दिवसभर अंथरूण डोळ्यांसमोरच नसे. ते उलगडले म्हणजे निजायची वेळ झाली, हे शरीराला सांगावे लागत नसे. कायमचा पलंग आला आणि त्यावर अभ्यास, फोन, खाणे सगळे आले. ज्यांचे घर एका खोलीचे आहे आणि उठून जायला दुसरी जागा नाही, त्यांनी निदान अंथरुणावरून उठून खुर्चीत किंवा उंबऱ्याशी बसावे आणि सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवावे.

आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली आणखी एक उपाय सांगितला. तो ऐकायला उलटा वाटतो. रात्री दहा ते सहा अंथरुणात आणि झोप जेमतेम साडेपाच तास, असे असेल तर अंथरुणात जायचेच साडेबाराला आणि उठायचे सहाला. काही दिवसांत झोप सलग आणि लवकर लागू लागते, मग आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे वाढवत जायचे. वाहन चालवणारे, फिट येणारे, मनोविकाराचे उपचार चालू असलेले यांनी हे स्वतःहून करू नये. हे नियम, विचारांचे वळण बदलणे आणि शिथिलीकरण मिळून जो उपचार होतो, तोच जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी द्यावा, असे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१६ साली सांगितले. विज्ञानाने पहिला मान बिनऔषधाच्या उपायाला दिला, हे मला फार मोलाचे वाटते.

शिथिलीकरण म्हणजे शवासन आपल्या घरचेच. डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शवासनाचा रक्तदाबावरील परिणाम अभ्यासून १९६९ साली प्रसिद्ध केला. योगाच्या शास्त्रीय अभ्यासातले ते आरंभीचे काम. लोणावळ्याच्या कैवल्यधामात तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून अशा अभ्यासाचा पाया घातला होता. शवासन झोप आणण्याच्या हट्टाने करू नका. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडायचा आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, एवढेच. नामस्मरणाची सवय असणाऱ्यांना याचा अनुभव असेलच. इटलीतल्या संशोधकांना २००१ साली आढळले, की जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रजप या दोहोंनी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते. मनाला एकाच ठिकाणी धरून ठेवणारी अशी संथ लय झोपेला अनुकूल असते.

उद्याच्या कामांनी डोके भरले असेल, तर निजण्याआधी पाच मिनिटे कागदावर ती कामे लिहून काढा. झालेल्या कामांची नोंद करण्यापेक्षा करायच्या कामांची यादी लिहिल्याने झोप लवकर लागते, असे २०१८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसले.

केव्हा डॉक्टरांकडे जावे

अंथरुणावर पडले की पायांत काहीतरी वळवळते, ओढल्यासारखे होते, पाय हलवले की बरे वाटते, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बऱ्याच बाया येतात. घरचे म्हणतात, दिवसभराच्या दगदगीने पाय दुखतात. पुष्कळदा याच्या मागे शरीरातल्या लोहाची कमतरता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईला जायफळाचे दूध देत राहणे म्हणजे तिचा आजार लांबवणे आहे. रक्ततपासणी करून लोह भरून काढले, की कित्येकींची झोप सुधारते.

जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे, सतत उदास वाटणे आणि कशातच रस न उरणे, थायरॉइडचा त्रास, पाळी जाण्याच्या वयातला अंगाचा दाह, यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि झोपेच्या गोळ्या बरेच दिवस घेत असाल, तर आजचे व्याख्यान ऐकून त्या एकदम बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

झोप ही घराची आणि गावाची जबाबदारी

शेवटचा मुद्दा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा. आतापर्यंत मी जे उपाय सांगितले, ते सगळ्यांच्या हातात सारखे नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात असे दिसले, असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. रात्री ओटा आवरून, दूध विरजून, डबे काढून ठेवून जी अकराला पाठ टेकते आणि नळाला पाणी येते म्हणून पहाटे साडेचारला उठते, तिला ‘मन शांत ठेवा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. चरकाच्या यादीतले मनाचे सुख तिच्या वाट्याला यायचे असेल, तर तिच्या हातातले काम दुसऱ्या कोणी घ्यायला हवे. जिने जन्मभर सगळ्यांचे तळवे चोळले, तिचे तळवे कोणी चोळले का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

गावाचेही कर्तव्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रामलीला मैदानावरील घटनेच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी आपल्या निकालपत्रात शांत झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले. आजारी, तान्ही बाळे, परीक्षेला बसलेली मुले आणि रात्रपाळी करून दिवसा निजणारे कामगार यांच्या वतीने मी उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती करतो, की हा नियम पोलिसांनी सांगायच्या आधी आपण पाळावा.

घरी गेल्यावर एवढे करा. उद्या किती वाजता उठायचे ते ठरवा आणि दोन आठवडे ती वेळ चुकवू नका. सकाळी अर्धा तास उघड्यावर जा. दुपारनंतरचा चहा सोडा. आणि तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण झोपते ते पाहून तिचे एक काम आज रात्रीपासूनच कायमचे आपल्याकडे घ्या. वैद्यबुवांच्या स्मृतीला याहून चांगले अभिवादन मला सुचत नाही.